घागरीतली चाल

सकाळी पुंडलिकनगरच्या घरात आईची जुनी तांब्याची घागर नळाखाली धरली. भरता भरता पाण्याचा आवाज बारीक होत वर चढला, आणि मी थेट शहागंजमागच्या आमच्या लहानपणीच्या गल्लीत पोचले.

दुष्काळ होता. शहर भराभर वाढत होतं, पाणी मात्र आटलेलं. टँकर चार दिवसांनी यायचा. त्या दिवशी रांगेत आमच्या पुढं गफूरचाचा होते. दर्ग्यात कव्वाली गायचे, चालीही स्वतःच बांधायचे. उरूस दोन दिवसांवर आला तरी नव्या कव्वालीची चाल त्यांना सुचत नव्हती, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. त्यांची घागर भरत आली तसा पाण्याचा सूर चढत गेला. चाचा डोळे मिटून त्याच्याबरोबर गुणगुणायला लागले. घागर भरून वाहायला लागली.

"ओ चाचा, पाणी सांडायलंय की," आई ओरडली.

"ठैरो भाभी, मिल गया."

आईनं त्यांच्या हातातला पाइप हिसकावलाच. सांडलेल्या पाण्यापायी मलाही चाचांचा भयंकर राग आला होता.

उरसाला आम्ही बायकांच्या बाजूला दाटीवाटीनं बसलो. चाचांचा आवाज खालून निघाला आणि बारीक होत वर वर चढला. मी आईचा दंड घट्ट धरला. आता टोक गाठणार, तोच सूर एकदम तुटला. चाचा आमच्या बाजूला बघून हसले.

आई माझ्या कानात म्हणाली, "अगं, इथंच मी पाइप वढला."