गोवर नव्हता
कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मी गुंजवण्यात घरोघर फिरत होते. अंगणवाडी सेविका म्हणून ते काम माझ्याकडे होतं. ताप आहे का, वास येतो का, हे विचारायचं आणि लिहून घ्यायचं. एका सकाळी लसणाची फोडणी देताना मलाच वास येईना. सांगितलं असतं तर मला विलगीकरणात नेलं असतं, आणि मुलगी जेमतेम सहा वर्षांची. अंग दुखतंय असं सांगून मी चार दिवस घरी राहिले. ती माझ्याच कुशीत झोपत होती.

महिन्याभराने तिला ताप भरला. पोट दुखतंय म्हणून रडायची. मग छातीवर, पाठीवर लाल चट्टे उठले.

"गवर हाय," सासूबाई म्हणाल्या. "भायेर पडू दे. औषिद देऊ नगंस."

गोवराची लस तिला मीच टोचून आणली होती. तरी गप्प बसले. गोवर असला तर बरं, असं वाटत होतं.

चौथ्या दिवशी डोळे लालभडक झाले, ओठ फुटले, हातपाय सुजले. शेजाऱ्यांच्या टेम्पोतून तिला नसरापूरला नेलं. डॉक्टरांनी तपासून विचारलं, "महिना-दीड महिन्यात घरात कुणाला कोरोना झाला होता?"

"न्हाई," मुलीचे वडील म्हणाले.

"मला झाला असंल," मी म्हणाले. "वास गेलता. म्या कुणाला सांगितलं न्हाई."



"सांगितलंत ते बरं झालं," डॉक्टर म्हणाले. "कोरोनानंतर काही मुलांना असं होतं. हृदयालाही सूज येते. आत्ताच पुण्याला न्या."

पुण्यात ती आठ दिवस अतिदक्षता विभागात होती. शिरेतून औषधं चालू होती. तिचे वडील माझ्याशी कामापुरतं बोलत. ताप उतरला त्या दिवशी त्यांनी मला चहा आणून दिला.

"मला तरी सांगायचंस," एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर तिच्या बोटांची कातडी सोलून निघू लागली. ती मजेनं सगळ्यांना दाखवत फिरायची. सासूबाई खोबरेल लावायच्या. हृदयाची सूज ओसरली, तरी वर्षभर तपासणीला नेत होतो. आता ती पाचवीत आहे.

कामावर परतल्यावर पर्यवेक्षिकाबाईंना मी खरं ते सांगितलं. त्या रागावून बोलल्या, मी ऐकून घेतलं. मग लहान मुलं असलेल्या घरांत पुन्हा गेले. एकीनं विचारलं, "तुमच्या पोरीला काय झालं हुतं वो?"

मी तिच्या ओट्यावर बसले आणि पहिल्यापासून सांगितलं.