रागाने केलेले अर्ज

रागीट माणसे मी आयुष्यात पोत्याने पाहिली. पण रागाने अर्ज करणारा माणूस सगळ्या मुंबई इलाख्यात एकच होता, आणि तो सांगलीच्या कॉलेजात दोन वर्षे माझ्या खोलीत राहत होता. इतर मुले शिष्यवृत्ती मागत. हा ती वसूल करायला निघे. टाक दौतीत असा खुपसायचा, की त्या दौतीनेच याचे घोडे मारले आहे. तो विट्याकडच्या शेतकरी घरातला. सूर्यावर त्याचा राग, कारण तो उगवून थेट याच्या डोळ्यांवर यायचा. आईवर राग, कारण ती विट्याच्या मोटारीने शनिवारी भाकऱ्यांचे गाठोडे पाठवायची. "वीस भाकरी धाडल्यात! हितं काय पलटण उतरलीया?" असे ओरडून तो त्या आम्हा सगळ्यांना वाटायचा, आणि कुणी दुसरी घेतली नाही तर त्याच्यावरही भडकायचा. रसायनशास्त्र तो इतक्या चढ्या आवाजात वाची, की शेजारच्या खोलीतली मुले भांडण सोडवायला येत.

या रागाखाली एक धसका होता, तो मला पुढे कळला. त्याला बी. एस्सी. व्हायचे होते. इंटरपर्यंत घरच्यांनी कसेबसे ओढले. पुढच्या दोन वर्षांची सोय झाली नाही, तर मामाच्या गलाईच्या दुकानात, मद्रासेकडे, सोने वितळवायच्या भट्टीपुढे बसायचे असे घरी ठरून गेले होते. म्हणून जिथे म्हणून शिष्यवृत्ती असेल तिथे याचा अर्ज जाई. लढाईचे दिवस, कागद मिळत नसे. हा पाठकोऱ्या कागदांवर लिही. पण 'गरीब व होतकरू' हे शब्द त्याच्या टाकातून उतरत नसत. "गरीब कशाला लिवू? पाऊस पडत न्हाई, ही काय माझी चूक?" अर्जाच्या शेवटी सगळे 'आपला आज्ञाधारक' लिहीत, तर हा म्हणे, "त्यांनी मला आज्ञा कवा केली? मी कवा पाळली?" आणि नुसती सही ठोकी.

एका फंडाने कळवले की ही शिष्यवृत्ती देणगीदारांच्या कुळातल्या मुलांपुरतीच आहे. कुणीही गप्प बसला असता. याने उलटटपाली विचारले, "आपल्या कुळात जन्म घ्यावयाचा असल्यास अर्ज कोणत्या तारखेपर्यंत व कोणाकडे करावा?" दुसऱ्या एका ठिकाणी प्रतिष्ठित व्यक्तीचा सद्वर्तनाचा दाखला हवा होता. मी म्हटले, वकीलसाहेबांकडे जाऊ. "त्यो वकील मला वळखतो का? मला रोज वळखती ती खाणावळवाली मावशी!" असे म्हणून त्याने तिचाच दाखला घेतला. मावशीला लिहिता येत नव्हते, म्हणून मजकूर मी उतरवून घेतला: 'मुलगा तोंडाने वाईट, मनाने बरा. पानात टाकत नाही.' खाली मावशीचा अंगठा. माझ्या मते याहून खरा दाखला त्या वर्षी कुणी जोडला नसेल. अर्ज अर्थातच परत आला.

इंटरला तो पहिला आला आणि साताऱ्याच्या एका विद्यार्थी फंडाची जाहिरात निघाली. बी. एस्सी.पर्यंतचा सगळा खर्च, एकाच विद्यार्थ्याला. मीही अर्ज केला, पण माझे गुण याच्या पासंगालाही पुरत नव्हते. याला एकच कागद कमी होता: घरच्या परिस्थितीचा, गावच्या तलाठ्याचा दाखला. तो आणायला आम्ही दोघे कोळशाच्या गॅसवरच्या मोटारीतून निघालो. चढ आला की मोटार थांबे आणि उतारू ढकलत. हा एकटाच ती शिव्या देत ढकलायचा. मला वाटते, ती त्या शिव्यांनीच चढली.

त्याचे वडील पहिल्या लढाईतले हवालदार, मिशा अजून कवायतीत. आम्ही चावडीवर गेलो तेव्हा तिथे गावातली चार माणसे तंबाखू मळत बसली होती. तलाठ्याने कागद काढून विचारले, "हवालदार, जमीन किती लिहू?"

हवालदारांनी त्या चौघांकडे एकवार पाहिले आणि मिशीवर हात फिरवला. "लिवा, तीस एकर."

"आबा!" हा किंचाळला.

"बागाईत लिवा."

"आवं आबा, पाच एकर हाय! तीबी जिराईत!"

"तू गप रं. इहिरी दोन. बैलं आठ."

तलाठी बिचारा दप्तर न उघडता, जावयाला वाढावे तशा आदराने लिहीत होता. चौघांपैकी एक जण हळूच म्हणाला, "हवालदार, हत्ती ऱ्हायला की." पण तोवर शिक्का बसला होता. बाहेर आल्यावर मुलगा बापावर भडकला. बाप शांतपणे म्हणाला, "मी खंदकात ऱ्हाऊन आलोया. चार माणसांत उघडा हुऊ व्हय मी? पोराला शिकवाय माझ्यात दम न्हाई, असं गावाला सांगू?" दाखला बदलून घ्यायला ते तयार होईनात, आणि मुदत तर दुसऱ्याच दिवशी संपत होती. तोच कागद अर्जाला जोडावा लागला.

मुलाखतीचे बोलावणे येईपर्यंत हा बापाच्या नावाने बोटे मोडत होता. सांगलीहून सातारा रोड स्टेशनापर्यंत आगगाडीत त्याने बापाला दिलेली विशेषणे इथे लिहिली, तर हे पुस्तक कुठल्याच शाळेत जाणार नाही. "माझं वाटुळं केलं म्हाताऱ्यानं! मिशीपायी!" डब्यातली माणसे सरकून बसली.

फंडाचे तीन विश्वस्त आत बसले होते. मी बाहेर बाकावर, दार उघडे. मधले गृहस्थ हसून म्हणाले, "अहो, तीस एकर बागाईत! तुम्हीच आमच्या फंडाला काही द्या."

आतले तिघेही हसले. हा हसला नाही.

"मोकळेपणाने सांगा. हे खरे नाही ना?"

"न्हाई," हा म्हणाला.

"मग झाले तर. गुण तुमचेच सगळ्यांत वर आहेत. हा कागद घ्या. वडिलांनी चावडीत खोटी माहिती दिली, एवढे लिहून सही करा. शिष्यवृत्ती तुमची."

त्यांनी टाक पुढे केला. मी बाकावरून मनातल्या मनात ओरडत होतो, कर सही, गाढवा, कर! त्याने टाक हातात घेतलासुद्धा. मग तो खाली ठेवला. ठेवला कसला, आपटला. शाई विश्वस्तांच्या उपरण्यावर उडाली.

"माझा बाप खोटं बोलत न्हाई! तीस एकर हाय म्हंजे हाय! आणि बैलं आठ न्हाईत, धा हायती! घ्या लिवून!"

माझ्यासमोरून तो तसाच बाहेर गेला. पुढचे नाव माझे होते. ती शिष्यवृत्ती मला मिळाली.

मोटार अड्ड्यावर मी मान खाली घालून उभा होतो. तो माझ्यावर खेकसला, "तोंड काय पाडतोस रं? मन लावून शीक. आणि आबाला काय कळू देऊ नकोस. सही मागितली हुती, हे तर मुळीच न्हाई." महिन्याभरात तो मद्रासेकडे गेला.

बऱ्याच वर्षांनी, तो जत्रेला आला असताना, मी त्याच्या गावी गेलो. भट्टीने त्याचे हात आणि भुवया करपल्या होत्या. हवालदार थकले होते, पण चार माणसे बसलेली पाहून त्यांना जोर आला. "ह्याला फंडवाल्यांनी दिली न्हाई बगा," ते मला म्हणाले. "मोठ्या घरचं पोर, ह्याला कशाला पायजे, म्हनले. त्यांचंबी बरोबरच हाय म्हणा."

त्याने माझ्याकडे पाहिले.

"तसंच म्हणाले, आबा," मी म्हटले. "मी होतो ना तिथं."

म्हातारा इतका खूश झाला, की त्याने मला दोनदा चहा पाजला.

परत निघालो तेव्हा हा मला मोटारीपर्यंत पोचवायला आला. मोटार उशिरा आली, गर्दीने भरून आली, ड्रायव्हर उद्धट होता. आता हा भडकेल, निदान एक तरी शिवी हासडेल, म्हणून मी वाट पाहत होतो. त्याने नुसती माझी पिशवी वर दिली आणि धूळ खाली बसेपर्यंत हात हलवत उभा राहिला.