एका पातेल्यातलं जेवण

"सर, आपला सुखदेव गेला... झोपेतच." भोयर सर फोनवर एवढंच बोलू शकले. आर्वीच्या शाळेत आम्ही तिघं निवृत्तीपर्यंत बरोबर होतो. भोयर सर गणिताचे, सुखदेव भूगोलाचा, मी ग्रंथपाल. मधल्या सुट्टीत तीस वर्षं एकाच टेबलाशी जेवलो, पण माझा डबा माझ्यापुरताच. सुखदेवची जात आमच्या घरी जेवणाच्या आड येई. आई होती तोवर तिचं निमित्त होतं. ती गेल्यावर निमित्त गेलं, सवय मात्र राहिली. त्याच्या घरी मी चहा घेई आणि ताटं मांडायच्या आत उठे. त्याला ते कळत होतं. तो कधी बोलला नाही. आपल्या डब्यातलं भोयर सरांना वाढे आणि मला नव्या पुस्तकांबद्दल विचारत राही.

व्हिएतनामची सहल त्याचीच कल्पना. आयुष्यभर पोरांना नकाशात दाखवलं, आता पाहून तरी येऊ, म्हणाला. टूरवाले रोज पोळी आणि पनीर वाढत. एका संध्याकाळी तो आम्हा दोघांना गल्लीतल्या एका साध्या खानावळीत घेऊन गेला. माझ्यासाठी मुद्दाम शाकाहारी शोधून ठेवली होती. प्लॅस्टिकची बुटकी स्टुलं, पत्र्याचं टेबल आणि मधोमध शेगडीवर एकच पातेलं. उकळत्या रश्श्यात अळंबी, पालेभाजी, तांदळाच्या शेवया. सगळ्यांनी आपापल्या काड्या त्यातच बुडवायच्या. मी हात मांडीवर ठेवून बसलो.

"जोशी सरायचा डबा आर्वीलेच राह्यला वाट्टे!" भोयर सर हसले.

सुखदेव हसला नाही. त्याने खुणेनं एक पळी मागवली आणि माझ्यापुढे ठेवली. "सर, तुमी पह्यले काढून घ्या. मंग आमी घेतो."

त्या पळीकडे मला पाहवेना... मी ती बाजूला सारली. "तू घे आधी," म्हटलं. मग त्याने काड्या घातल्या; शेवया दोनदा निसटल्या, तिसऱ्यांदा आल्या. त्याच्यामागून मी घातल्या. पातेलं आम्ही तळापर्यंत संपवलं.

परतताना तो म्हणाला, "आता घरी या सर, जेवाले."

"येतो," म्हटलं मी. पण परमुलखात जे जमलं ते आपल्या गल्लीत जमेना. कधी पाहुणे, कधी उपास. त्याने दोनदा आठवण दिली, मग थांबला. चार महिन्यांत तो गेला.

मागच्या रविवारी मीच सुखदेवच्या घरी वहिनींना म्हटलं, जेवायला येतो. त्यांनी स्वयंपाकघरात ताट वाढलं. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी. मी पहिला घास घेतला.

"तिखट तं नाई झाली ना, सर?" त्या म्हणाल्या. "आमच्याइथं लय तिखट लागते. पन तिकून आल्यापासून हे दर रविवारी म्हनत, आज जोशी सर येतीन, तिखट कमी टाकजो."

म्हणजे इतके रविवार तोही फिकी भाजी खात होता... मी आणखी मागून घेतली.