कठड्यावरची पहिली टाळी

हॅटी लुबिनला गाता येत नव्हतं. नाचता तर त्याहून नाही. तिला टाळी वाजवता येत होती.

टाळी काय, कुणालाही वाजवता येते. पण भरलेल्या थिएटरात पहिली टाळी वाजवायला छाती लागते. जराशी आधी पडली तर गाणं मेलं. जराशी उशिरा पडली तर गाणारी बाई स्टेजवर एकटी उघडी पडली. ब्रॉडवेवरच्या ‘केप मर्सी’ या संगीत नाटकात ती पहिली टाळी वर्षानुवर्षं हॅटीची होती. तसं कुणी ठरवलं नव्हतं. तिची पडायची, मागून सगळं थिएटर टाळ्यांनी कोसळायचं. दारावरचा माणूससुद्धा म्हणायचा, "हॅटी, थंडीत जपून राहा. तू आजारी पडलीस तर आमचा पहिला अंक संपायचा नाही."

साठीला टेकलेली बाई. क्वीन्समध्ये एका दातांच्या डॉक्टरकडे पुढच्या टेबलावर बसायची. दिवसभर लोकांना सांगायचं, बसा, बोलावतील. तिथे तिचं नाव फार कुणाला माहीत नव्हतं. घरी एकटी. पण आठवड्यातून एकदा दुपारच्या खेळाला ती लाल लोकरीची टोपी घालून शेवटच्या रांगेमागे उभी राहायची. तिथे मखमल चढवलेला कठडा आहे. उभ्याची तिकिटं स्वस्त मिळतात. नेहमी तिथे उभे राहणारे ते कठडेवाले. थिएटरात त्यांची जागा कुणी घेत नाही आणि त्यांचं मत कुणी टाळू शकत नाही.

तिच्या डाव्या हाताला ऑर्विल टीग. निवृत्त बस ड्रायव्हर, आवाज अजून बसमधलाच. उजवीकडे डेल्फीन, ब्रुकलिनच्या हॉस्पिटलातली नर्स. रात्रपाळी करून यायची आणि गळ्यात दुर्बीण अडकवून उभी राहायची.

नाटकातली नोरा दीपगृह सांभाळते. पहिल्या अंकाच्या शेवटी वादळ येतं, नवऱ्याची बोट बाहेर असते, आणि ती दिवा लावण्याआधी गाते. ही नोरा इतकी वर्षं रोझालिंड क्वेल करत होती. गाणं संपलं की रोझालिंडचा उजवा हात वर जायचा. हात वर, हॅटीची टाळी, दिवा, पडदा. डोळे मिटूनही चुकलं नसतं.

मग रोझालिंड नाटक सोडून कॅलिफोर्नियाला गेली. तिच्या जागी इमानी स्ट्रॉड आली. क्लीव्हलंडची, तिशीच्या आतली, पहिलीच मोठी भूमिका. तिकीटविक्री आधीच उतरली होती. नवी नोरा चालली तर नाटक चालेल, नाहीतर जूनमध्ये बंद, असं सगळे बोलत होते.

शनिवारी दुपारी तिचा पहिला खेळ झाला. कठड्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती.

इमानी वेगळी गात होती. रोझालिंड वादळाशी भांडायची. ही वादळाला समजावत होती. हॅटीला ते पटत नव्हतं, पण कान तिकडून हटत नव्हते. गाणं शेवटाकडे आलं. एकच ओळ उरली. आणि इमानीचा हात त्या ओळीच्या आधीच वर गेला.

हॅटीने टाळी वाजवली.

तिने वाजवली असं म्हणणंही बरोबर नाही. हात वर गेला, हॅटीचे हात एकमेकांवर आदळले. मागून ऑर्विल, मागून सगळं थिएटर. त्या गडगडाटात इमानीचे ओठ हलले. मग दिवा लागला. पडदा पडला.

हॅटीने आपल्या तळव्यांकडे पाहिलं. ते लाल झाले होते.

खेळ सुटल्यावर, नट बाहेर पडतात त्या मागच्या दाराशी लोखंडी अडसरामागे नेहमीची गर्दी जमली. मार्चचा वारा नदीवरून सरळ गल्लीत घुसत होता.

"खाल्ली!" ऑर्विल म्हणाला. "शेवटची ओळ सरळ खाल्ली पोरीने!"

"ओठ हलले तिचे," डेल्फीन म्हणाली. "मी दुर्बिणीतून पाहिलं."

"ओठ माझेही हलतात. त्याला गाणं म्हणतात का?"

"तुझ्या तोंडाला गाणं कुणीच म्हणणार नाही, ऑर्विल."

"हस तू. रोझालिंडने एक ओळ कधी सोडली होती? ताप होता तेव्हासुद्धा?"

"रोझालिंड, रोझालिंड. लग्न का नाही केलंस तिच्याशी?"

"विचारलं नाही तिने." ऑर्विल हॅटीकडे वळला. "तू बोल गं. तू गप्प कशी? तुझ्या डॉक्टरने तोंड शिवलं की काय?"

"दात दुखतोय," हॅटी म्हणाली.

"दातांच्या डॉक्टरकडे काम करतेस आणि दात दुखतोय!"

तेवढ्यात दार उघडून इमानी बाहेर आली. मेकअप पुसलेला, डोळे सुजलेले. एकेकाच्या कार्यक्रमपत्रिकेवर सही करत ती पुढे सरकली. ऑर्विलने पत्रिका पुढे केली आणि म्हणाला, "रोझालिंडच्या जागी उभं राहणं सोपं नाही हं, पोरी."

"ते आज कळलं," इमानी म्हणाली. मग तिने हॅटीच्या टोपीकडे पाहिलं. "तुम्ही मागे उभ्या असता ना? ही लाल टोपी स्टेजवरून दिसते. बरं वाटलं. ओळखीचं काहीतरी होतं समोर."

म्हणजे इमानीला माहीतच नव्हतं, पहिली टाळी कुठून आली ते. हॅटीने नुसती मान हलवली. तोंडात शब्द होते, पण ऑर्विल शेजारी होता, सगळे कठडेवाले मागे होते. आणि हॅटीकडे त्या टाळीशिवाय दुसरं काय होतं?

रात्री इंटरनेटवर नाटकाच्या चाहत्यांच्या पानावर भांडण पेटलं. नवी नोरा ओळ विसरली, असं ऑर्विलने लांबलचक लिहिलं. ज्यांनी खेळ पाहिलाच नव्हता तेही लिहू लागले. पहिल्याच खेळाला विसरते, पुढे काय करणार. तिकीट परत करतोय. कुणी लिहिलं, घाबरली असेल बिचारी. ती कीव हॅटीला शिव्यांपेक्षा जास्त लागली.

सोमवारी तिने दाढ काढायला आलेल्या माणसाला दात साफ करणाऱ्या खुर्चीत बसवलं. मंगळवारी एका बाईला दोनदा आत पाठवलं. डॉक्टरांनी विचारलं, बरं नाही का. ती म्हणाली, बरी आहे. मग टेबलाखाली फोन उघडून पुन्हा ते पान वाचू लागली. सूप गॅसवर ठेवून विसरली. उठावं, बसावं, खिडकी उघडावी, लावावी. तोंड उघडलं तर कठड्यावरची जागा गेली. नाही उघडलं तर ती पोर नाटकातून गेली. आणि पोर गेली की नाटक गेलं, म्हणजे कठडाही गेलाच. हिशेब सोपा होता. तरी जीभ वळत नव्हती.

खरं म्हणजे तिची स्वतःचीही खात्री नव्हती. ओळ होती की नव्हती? ऐकली तर तिनेही नव्हती.

बुधवारी दुपारी तिने सुट्टी काढली. थिएटर अर्धंच भरलं होतं. पण भरलं होतं ते जुन्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्यांनी. हे सगळे नोराचा हात वर गेला की टाळी वाजवणारे, हे हॅटीला उमगलं. तिने एकटीने हात आवरून भागणार नव्हतं.

"आज विसरते का बघू," ऑर्विल पुटपुटला.

"चूप रे," डेल्फीन म्हणाली.

वादळ आलं. इमानी गायला लागली. हॅटीने हात कोटाच्या खिशात खुपसले. शेवटची ओळ उरली. उजवा हात वर जाऊ लागला. शेजारी ऑर्विलचे मोठाले पंजे उघडले. हॅटीने खिशातून हात काढले आणि त्याचा एक पंजा दोन्ही हातांनी घट्ट धरला. ऑर्विलने चमकून पाहिलं. तिने आणखी आवळलं. पुढच्या रांगांतल्या काहींनी सवयीने मागे वळून पाहिलं. टाळी का नाही? लाल टोपी हलत नव्हती. मग तेही थांबले.

शांतता पसरली. तशी शांतता त्या थिएटरने त्या जागी कधी ऐकली नव्हती.

इमानीचा हात हळूहळू खाली आला. आणि तिने शेवटची ओळ म्हटली. गायली नाही, जवळजवळ बोललीच. दारात उभं राहून आत कुणाला हाक मारावी तशी. ‘माझ्यासाठी नको, पण ये.’ एवढंच. मग दिवा लागला.

कुणीच टाळी वाजवली नाही. हॅटीचे हात गुंतलेले होते. पुढे कुठेतरी एका अनोळखी माणसाने सुरुवात केली. मग सगळे उठले.

"हात सोड," ऑर्विल म्हणाला. "बोटं मोडतील."

तिने सोडला. मध्यंतराचे दिवे लागले. ऑर्विल बोटं चोळत होता.

"ओळ होती तर," तो म्हणाला.

"शनिवारीही होती."

"नव्हती. मी इथेच होतो."

"मीही इथेच होते. माझी टाळी आधी पडली, ऑर्विल. हात वर गेला आणि माझे हात चालले. ओळ तिने म्हटली. मी बुडवली."

बस चालवताना मधेच कुणी आडवं यावं तसा ऑर्विलचा चेहरा झाला.

"मी तिच्याबद्दल काय काय लिहिलं," तो म्हणाला.

"आता हे लिही."

"चूक कठड्याकडून झाली, असं लिहितो. तेवढं पुरे."

"कठडा टाळी वाजवत नाही. माझं नाव घाल."

"हॅटी, तुला फाडून खातील."

"खाऊ देत," डेल्फीन मधेच म्हणाली. "पण लिही तू. तिचं मन बदलायच्या आत लिही."

त्याने तिथेच कठड्याला टेकून फोनवर लिहिलं. जाड बोटांनी, एकेक अक्षर. हॅटी पाहत होती. आपलं नाव फोनच्या पडद्यावर उमटताना तिला मोकळं झाल्यासारखं वाटलं नाही. नुसतं थंड वाटलं.

खायचं ते लोकांनी खाल्लं. इतकी वर्षं डोक्यावर चढवून ठेवलं, म्हणे, या म्हातारीला. कुणी लिहिलं, तिला टोपीसकट बाहेर काढा. पण त्याच पानावर दुसरेही लिहू लागले की ती ओळ ऐकायला जायचं आहे. पुढच्या शनिवारी थिएटर भरलं. कठड्यावर डेल्फीनने आपली पिशवी ठेवून मधली जागा धरली होती.

"ये. कुणी काही बोललं तर ऑर्विल त्याच्यावर बस घालेल."

हॅटी आली. टोपी तीच. हातांत मात्र जाड लोकरीचे हातमोजे, थिएटरात उकडत असूनही. काही लोक वळून तिच्या हातांकडे पाहत होते. गाणं आलं, हात वर गेला, खाली आला. ओळ झाली. दिवा लागला.

मोज्यांच्या आत तिची बोटं वळवळली. ती थांबली.

डावीकडच्या रांगेतून कुणाची तरी टाळी पडली. उशिरा पडली, हॅटीच्या मनात आलं. अर्ध्या श्वासाने उशिरा. तिने मोजे काढले आणि सगळ्यांच्या मागून वाजवू लागली.