स्लिप दिसतेय

गिरगावातल्या त्या वाडीत नलूने पस्तीस वर्षांत किती मुलींची लाज राखली, त्याला गणतीच नाही. गॅदरिंगचे जाळीचे फ्रॉक असोत की पुढे कॉलेजच्या पोरींचे झिरझिरीत कुडते, आत घालायला स्लिप हवी आणि ती शिवावी तर नलूने. तिची स्लिप कधी वर चढली नाही, खांद्यावरून घसरली नाही आणि मुख्य म्हणजे फ्रॉकखालून कधी डोकावली नाही. रस्त्यात एखाद्या अनोळखी मुलीची स्लिप बोटभर जरी दिसली, तरी नलू तिला गाठून कानात सांगायची, "स्लिप दिसतेय गं." मुलगी गोरीमोरी होऊन कपडे नीट करायची आणि नलू समाधानाने भाजी घ्यायला जायची. अशा बाईच्या हातात मनूने ती पिशवी दिली. आता दोष द्यायचा तरी कोणाला?

मनू ही नलूची एकुलती एक लेक. जाहिरातींच्या फोटोत मॉडेलने काय घालायचं, कशावर काय चढवायचं, हे ठरवणारी मेघना म्हणून एक बाई होती. तिच्या हाताखाली मनू तीन वर्षं कपड्यांच्या बॅगा उचलत होती, इस्त्र्या करत होती, सेफ्टी पिना तोंडात धरून उभी राहत होती. या डिसेंबरात पहिल्यांदाच मेघनाने एक अख्खं काम तिच्यावर सोपवलं. उन्हाळ्यात नुसताच घालतात तो स्लिप ड्रेस थंडीत कसा घालायचा, त्यावर काय काय चढवायचं, याचे फोटो एका कंपनीला हवे होते. मुंबईची थंडी ती काय! पंखा दोनवर आणायचा आणि नलूच्या नवऱ्याने, अप्पांनी, कानटोपी घालायची, झाली थंडी. पण फोटो दिल्लीपर्यंत जाणार होते.

मागच्याच महिन्यात मनूच्या हातून कपड्यांची एक बॅग टॅक्सीत राहिली होती. मेघनाने तेव्हाच स्वच्छ सांगितलं होतं, "आणखी एक गोंधळ केलास तर सोमवारपासून येऊ नकोस." मनूने हे आईला सांगितलं आणि तेव्हापासून नलूच्या जिवाला घोर लागला होता. या पोरीला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही करायचंही नव्हतं.

त्या दिवशी सकाळी आठ वाजता मनू दारातूनच पिशवी देत म्हणाली, "आई, या स्लिपचे पट्टे अर्धा इंच वर घे, मॉडेल एकदम बारकी आहे. हा विणलेला ड्रेस वरून येणारे. दोन्हींची लांबी बघ जरा. एक वाजता शूट आहे. फोन करते." आणि ती जिना उतरलीसुद्धा.

नलूने पिशवी उघडली. जांभळट काळ्या साटीनची, दोरीसारख्या पट्ट्यांची, खाली नाजूक लेस लावलेली स्लिप होती. बरोबर राखाडी लोकरीचा विणलेला ड्रेस. तिने तो स्लिपवर ठेवून पाहिला. ड्रेस गुडघ्याच्या जरा खाली संपत होता आणि स्लिप त्याखाली चांगली सव्वा वीत लोंबत होती. लेस तर पार घोट्यापर्यंत. केवढी ही स्लिप! आणि ही फोटोत दिसली तर? बिचारी मनू म्हणाली होतीच, लांबी बघ.

आता शिवणाऱ्या बाईला "लांबी बघ" म्हणजे नुसतं बघ असं कोणी सांगत नाही. बाही बघ, गळा बघ, लांबी बघ, म्हणजे ते नीट करून ठेव. आयुष्यभर वाडीतल्या बायकांनी तिला हेच सांगितलं आणि तिने ते केलं. नलूने खडूने रेघ मारली आणि विणलेल्या ड्रेसपेक्षा दोन बोटं आखूड अशी स्लिप कापली. कडेला बारीक दुमड घातली. पट्टे वर घेतले. वर इस्त्रीही फिरवली. लेसचा तुकडा टाकवेना म्हणून मशीनच्या खणात ठेवला. मग चहा टाकला आणि अप्पांना म्हणाली, "वेळेवर माझ्या लक्षात आलं हो, नाहीतर पोरीची शोभा झाली असती."

साडेदहाला मनूचा फोन आला.

"आई, किती लांब आहे स्लिप? मला बुटांचं ठरवायचंय. लेस घोट्यावर येते ना?"

नलूने मशीनचा खण ओढून लेसचा तुकडा पाहिला.

"आई? ड्रेसखालून जेवढी दिसेल तेवढी छान. तीच तर सगळी गंमत आहे."

"दिसायला पाहिजे?" नलूने विचारलं.

"अगं, मग! आई, काय झालं?"

नलूने सांगितलं. मग मनू अगदी हळू म्हणाली, "आई, ते एकच पीस आहे. उद्या परत करायचंय." आणि रडायला लागली. सहा महिन्यांची असतानाही ही पोर अशी रडली नव्हती.

"रडू नकोस. मी जोडते. एकच्या आत घेऊन येते," नलू म्हणाली. कशाच्या जोरावर म्हणाली, देव जाणे.

तिने खणातला तुकडा काढला, घातलेली दुमड उसवली आणि दोन कडा जुळवायला घेतल्या. कापड उरेबात कापलेलं, म्हणजे तिरकं. असलं कापड हात लावला की ताणतं. मशीनखाली घेतलं तर चारच बोटांत त्याला लाटा आल्या. तिने तेही उसवलं. साटीनवर सुईची भोकं तशीच राहिली, पुळ्या उठल्यासारखी. मग हाताने शिवायला बसली. सुईत दोरा जाईना. अप्पांनी तो ओवून दिला आणि घाबरत घाबरत विचारलं, "डिंकाने नाही का गं चिकटणार?" एरवी नलूने त्यांना फाडून खाल्लं असतं. आज तिने क्षणभर खरंच विचार केला.

एक आशा मात्र होती. कापलेली रेघ विणलेल्या ड्रेसच्या दोन बोटं वर होती, म्हणजे जोड त्याच्या आत झाकला जाणार होता. त्या दोन बोटांवर जीव टांगून तिने शेवटचा टाका घातला, पिशवी छातीशी धरली आणि टॅक्सीत बसली. सिग्नल लागला की ती ड्रायव्हरला म्हणायची, "भैया, जरा जल्दी." तो म्हणायचा, "माताजी, उड के जाऊं क्या?" तिला तर वाटत होतं, उडावंच.

परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात तो स्टुडिओ होता. मनूने तिला दारातूनच आत ओढलं, जोड पाहिला आणि डोळे मिटून घेतले. पण मॉडेलच्या अंगावर स्लिप आणि त्यावर विणलेला ड्रेस चढला, तेव्हा खाली फक्त साटीन आणि लेसची काळी झालर उरली. जोड कुठेच दिसेना. फोटो निघाले. मेघना मागे उभी होती, ती म्हणाली, "नाइस, मनू. मस्त दिसतंय." नलू कपड्यांच्या रॅकमागे उभी राहून पदराने तोंड पुसत होती. मनूने दुसऱ्या फोटोसाठी विणलेल्या ड्रेसऐवजी रॅकवरून लांब कोट घेतला आणि पुढून पट्टा घट्ट बांधला. तोही निभला. मायलेकींची नजरानजर झाली. आता एकच उरला.

"यावर ते छोटं डेनिम जॅकेट घाल," मेघना म्हणाली.

"मॅम, मला वाटतं लांब श्रगच बरा दिसेल," मनू म्हणाली.

"यार, तीन लुक्स आणि तिन्हींत स्लिप ड्रेस झाकलेला? विकायचंय काय आपल्याला, कोट? जॅकेट दे."

मनूने जॅकेट दिलं. दुसरं ती काय करणार होती? दिव्यांच्या उजेडात, अगदी गुडघ्यापाशी, स्लिपभोवती ती रेघ गोल फिरलेली दिसली. टाका नलूचा, त्यामुळे सरळ होता. पण भोकं दिसत होती आणि कापड चुणलं होतं. मेघना वाकली, तिने त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"हे काय आहे? मनू, हे कापलंय कोणी?"

मनू पुढे झाली. "मॅम, ते सकाळी, म्हणजे माझी..."

नलू रॅकमागून पुढे आली.

"मी कापलं," ती म्हणाली. "मी अल्टरेशन करते. या मॅडमनी मला नुसती लांबी मोजायला सांगितली होती. कात्री लावू नका म्हणून दोनदा बजावलं होतं. मीच ऐकलं नाही."

मनू तिच्याकडे बघत राहिली. तिचे ओठ हलले, पण नलूने डोळ्यांनीच तिला गप्प केलं. लहानपणी पाहुण्यांसमोर करायची तसं.

"मावशी, अक्कल आहे का तुम्हाला?" मेघना ओरडली. "या पोरीची नोकरी गेली असती आज तुमच्यामुळे." मग मनूकडे वळून जरा नरमाईने म्हणाली, "कंपनीशी मी बोलते. तुझी चूक नाहीये. पण या बाईला परत काम द्यायचं नाही, कळलं? नंबर उडव हिचा. आत्ता, माझ्यासमोर. नाहीतर घाईत परत हिलाच फोन करशील."

मनूने फोन काढला. मेघना बघत होती, म्हणून तिने फोन छातीशी तिरका धरला. नलू तिच्या दुसऱ्या बाजूला होती, तिला फोनचा स्क्रीन स्पष्ट दिसला. वर 'आई' लिहिलं होतं आणि शेजारी गणपतीत काढलेला, नलूचा हसरा फोटो होता. मनूचा अंगठा तिथेच अडला. ती आईकडे बघायला लागली, आता सगळं सांगून टाकणार अशा चेहऱ्याने.

"उडवा, मॅडम," नलू म्हणाली.