चार बोटं फट

बँकेतली नोकरी सोडून मी लोखंडाच्या मागे लागले तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले की भंगारवालाच व्हायचं होतं तर एम.कॉम. कशाला केलंस. त्यानंतर सहा वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत. मीही कमी नव्हते. बाप तशी लेक.

मग कोथरूडच्या आमच्या सोसायटीने बागेसाठी शिल्प करून मागितलं. जाड पत्रा वाकवून मी दोन आकृत्या केल्या. चेहरा नाही, पाय नाहीत. एक उंच, एक ठेंगणी, आणि दोघींचा एकेक हात दुसरीच्या दिशेने निघालेला. हातांच्या मध्ये चार बोटं फट. सगळं शिल्प त्या फटीतच होतं, आणि ते मला उत्तम साधलं होतं. कमिटीतल्या एका काकांनी सुचवलं की हे नक्की काय आहे ते पाटीवर लिहावं. मी म्हटलं, पाटीने कळणार असेल तर नुसती पाटीच लावा, लोखंड तरी वाचेल.

अनावरणाला या, असा निरोप मी आईकरवी अण्णांना धाडला. ते येतो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. त्यांनी ते बघावं एवढ्यासाठीच मी हे काम अंगावर घेतलं होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

आदल्या दिवशी शिल्प बसवायला मिस्त्री आले. जन्मभर गेटं आणि खिडक्यांच्या जाळ्या करणारा माणूस, कामात भारी सफाई. मी जेवायला घरी गेले आणि परत येऊन बघते तो काय, मध्ये सळईचा तुकडा घालून त्यांनी दोन्ही हात जोडून टाकलेले, वर घासून गुळगुळीतही केलेले. त्यांच्या धंद्यात सांधा उघडा ठेवणं म्हणजे नाक कापून घेणं.

"राहून गेलं हुतं ताई, म्या जोडून टाकलं," ते समाधानाने म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कटर उचलला आणि तो तुकडा कापून काढला. मिस्त्री तोंड फुगवून बसले. दोन कप चहा झाल्यावर कुठे बोलायला लागले.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले. भाषणं संपेपर्यंत मागच्या खुर्चीवर बसून राहिले, मग उठून शिल्पाभोवती एक चक्कर मारली. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"यातला उंच कोण?" सहा वर्षांनंतरचं त्यांचं पहिलं वाक्य.

"तुम्ही."

उंच आकृतीचा तो पुढे आलेला हात त्यांनी बराच वेळ न्याहाळला.

"चुकलंय तुझं. मी कुठे हात पुढे केला होता?"

अण्णांनी असं काही कबूल केलेलं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. पण माघार घेईन तर मी त्यांची मुलगी कसली.

"विश्रांतवाडीहून इथवर दोन बस बदलून आलात ना?" मी म्हटलं.

"दोन नाही," अण्णा म्हणाले. "तीन."