मागाच्या खड्ड्याच्या कडेनं

निपाणीला मी भाकरी भाजत होते, तेव्हा आक्कांच्या वडगावच्या शेजारणीचा, गंगव्वांचा, दीर सर्व्हिस मोटारीनं आला आणि आक्का गेल्या म्हणाला. मी तवा उतरवला. मनात पहिलं आलं ते हे, की आता त्यांना पुन्हा नीट विचारायचं राहूनच गेलं... त्याची मला अजून लाज वाटते.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. थोरले भावजी वारल्यावर त्या स्वतः मागावर बसू लागल्या. वडगावच्या त्या घरात सोप्याच्या मधोमध मागाचा खड्डा होता. काठावर बसायचं, पाय आत सोडायचे आणि पावड्या दाबत विणायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला आधी खड्ड्याच्या कडेनं चालायला शिकवलं. घागर घेऊन मधनं गेलीस तर पाय मोडेल आणि सूतही भिजेल, असं म्हणायच्या. पुढे यांना तंबाखूच्या वखारीत काम लागलं आणि आम्ही निपाणीला आलो.

आक्कांचे गुडघे धरू लागले, तेव्हा घर विकून त्यांनी आमच्याकडे यावं असं यांनी पत्रानं कळवलं. त्यांनी कुणाकडून तरी उलटटपाली लिहून पाठवलं, 'बरं'. एवढंच.

घर बघायला शहापुरातले एक मास्तर येणार होते. त्यांना माग नको होता. मी आठ दिवस आधी गेले. माग सोडवून नात्यातल्या एकांना दिला. खड्डा मात्र आक्कांनी कुणाला भरू दिला नाही. टोपल्या टोपल्या माती आणून त्यांनी स्वतः भरला, चोपून चोपून बसवला. मी भिंतींना चुना दिला, सुताच्या खुंट्या उपसून भोकं बुजवली. घर भरलेलं दिसावं म्हणून गंगव्वांची पितळेची भांडी आणून फळीवर मांडली. सारवून मधोमध रांगोळी काढली. इथं कधी माग होता हे कुणाला कळणार नाही, असं मला वाटलं.

मास्तर आणि त्यांच्या बाई आल्या. बाईंना घर आवडलं. आक्कांनी पाणी आणलं, मी चहा आणला. बाई बघत होत्या. मग हसून म्हणाल्या, "एवढी जागा मोकळी आहे, आणि तुम्ही दोघी भिंतीला खेटून का चालता?"

मी रांगोळीकडे बघत राहिले. आक्का म्हणाल्या, "हितं मागाचा खड्डा हुता, बाई. भरलाय, पर एक पावसाळा बसंल थोडा. बारकी पोरं असली तर जपा."

मास्तर कळवतो म्हणाले. कळवलं नाही.

ते गेल्यावर मी, कधी तोंड वर करून न बोलणारी, बोलले. "आक्का, तुमास्नी निपाणीला यायचंच न्हवतं, व्हय ना?"

त्या कपबशा गोळा करत हसल्या. "पायास्नी कुणी सांगायचं गं, खड्डा भरला म्हणून?"

हे उत्तर होतं का? मी रागातच दुसऱ्या दिवशी निघाले, पाया पडले नाही. पाच आठवड्यांनी निरोप आला.

त्या दिवशी सोप्यात बायका जमल्या. सगळ्या भिंतीकडेनं बसल्या आणि मधली जागा तशीच मोकळी राहिली. खाटेखाली आक्कांचं गाठोडं सापडलं. आत दोन लुगडी आणि मागावर आडवं सूत फेकायचा त्यांचा धोटा. गंगव्वा म्हणतात, निपाणीला जायचं म्हणून त्या कधीच्या बांधून बसल्या होत्या. त्यांचा दीर म्हणतो, पावसाळा सरला की खड्डा परत उकरून दे, असं आक्का त्याला सांगत होत्या. दोघंही खोटं बोलणारी माणसं नव्हेत.

उद्या दुसरं गिऱ्हाईक येणार आहे. खड्ड्यावरची माती वीतभर बसली होती. मी टोपल्या ओतून माती चोपली, सारवलं. मग घागर घेऊन मुद्दाम मधनं ये-जा करत राहिले, उद्या चूक नको म्हणून. चार वेळा नीट गेले. पाचव्या वेळी त्या गाठोड्याचा विचार करत होते. घागर ठेवून मागं बघितलं, तर ओल्या सारवणावर या खेपेची माझी पावलं उमटली होती, सगळी भिंतीच्या कडेनं.